एकही झाड रुसलं नाही

“पण रेघ सरळ आली, यात माझा काय दोष, बाई?”

शार्दूल उभ्या उभ्याच विचारत होता. खुर्ची होती, पण त्याला बसायचं नव्हतं. सही घ्यायची आणि निघायचं, एवढंच त्याचं काम.

तिरोडकर बाईंनी कागद खिडकीच्या उजेडात धरला.

कागदावर आलेख होता. आडव्या बाजूला झाडाच्या खोडाचा घेर. उभ्या बाजूला त्याच झाडावर वाढलेल्या दगडफुलाची रुंदी. प्रत्येक झाडाचा एक ठिपका. सगळे ठिपके डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्याकडे चढत गेलेले, मुंग्यांच्या रांगेसारखे... मुंग्यासुद्धा इतक्या शिस्तीत चालत नाहीत.

“किती झाडं?”

“चारशे बारा.”

“आणि एकही रुसलं नाही?”

शार्दूल हसला. “बाई, लहान झाडावर लहान दगडफूल, मोठ्या झाडावर मोठं. त्यात रुसायचं काय?”

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. पालथा.

सही केली नाही.

*

बाई संख्याशास्त्र शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दर शनिवारी येतात. वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागे बियाणं ठेवायची जुनी खोली आहे, तिथे विज्ञानाच्या संशोधक मुलांना संगणक शिकवतात. खोलीत अकरा संगणक आहेत, नऊ चालतात. चपला बाहेर काढायच्या. धूळ आत येऊ द्यायची नाही.

प्रबंध द्यायचा तर या वर्गाचा दाखला लागतो. विद्यापीठाचा नियम. दाखल्यावर सही बाईंची.

पहिल्या दिवशी बाई संगणकाचं काही शिकवत नाहीत. एक फोल्डर करायला लावतात. त्याचं नाव ‘मूळ’. जंगलातून, खाडीतून, प्रयोगशाळेतून जे मोजून आणलं ते आधी त्यात ठेवायचं, कुलूप लावायचं आणि पुन्हा हात लावायचा नाही. काय ते काम नकलेवर करायचं.

चार तास एवढंच.

त्या दिवशी शार्दूल मागून म्हणाला होता, “हा वर्ग आहे की सोवळं?”

सगळे हसले होते. मीसुद्धा.

बाईही हसल्या. “सोवळंच समज. पाळ म्हणजे झालं.”

त्याने पाळलं नाही. त्याला आठवीपासून प्रोग्राम लिहिता येत होते. आम्ही बाकीचे एक्सेल उघडून माऊस फिरवणारे. तो आम्हाला ‘माऊसवाले’ म्हणायचा. चल गं माऊसवाले, चहाला. राग यायचा नाही, कारण अडलं की त्याच्याकडेच जायचो.

सोमवारी त्याला प्रबंध द्यायचा होता. सहा वर्षांचं काम. आज शनिवार, दुपारचे तीन.

*

“बाई, सही...”

“करू. आधी जरा बाहेर चला सगळे.”

“सगळे?”

“सगळे. बाबीमामा, तुम्हीपण.”

बाबीमामा विभागाचे शिपाई. दारातच स्टुलावर बसतात. दचकून उठले. “माजा काय चुकला, बाई?”

“काही नाही. एवढ्या चपला लहान-मोठ्या लावा बघू. सर्वांत लहान या टोकाला, सर्वांत मोठी त्या टोकाला.”

बाबीमामांनी वाकून, पट्टी न घेता, नुसत्या नजरेने दहा जोड ओळीत लावले. एकदा दोन जोडांची अदलाबदल केली. मग लांब उभे राहून पाहिलं आणि मान हलवली.

“आता तुम्ही,” बाई आम्हाला म्हणाल्या. “उंचीनं उभे राहा. ठेंगणे इकडे, उंच तिकडे.”

“पाचवीतली कवायत का, बाई?” मेहरुन म्हणाली. मेहरुन काझी, रसायनशास्त्राची. ती कोणी न सांगताच पहिल्या टोकाला जाऊन उभी राहिली. दुसऱ्या टोकाला बाबीमामा, ताडासारखे. त्यांच्या अलीकडे शार्दूल, घड्याळ बघत. मधे आम्ही. बाईंनी स्वतःचीही जागा मोजली आणि रांगेत घुसल्या.

दहा माणसं. समोर दहा जोड.

“ज्याच्या पुढ्यात जे आलंय ते घाला. गेटपर्यंत जाऊन या.”

एकच गोंधळ. मेहरुनच्या पुढ्यात माझ्या चपला. तिची टाच निम्मी बाहेर.

“लहानपणापासून आई म्हणते,” मेहरुन ओरडली, “देवानं आधी पाय दिले नि मग उंची संपली! माझ्या कुठायत?”

मेहरुनच्या चपला शार्दूलच्या पुढ्यात होत्या. मोठ्या, जाड पट्ट्याच्या.

बाबीमामांचे पाय बारीक. पुढ्यात आलेली सॅंडल घालून ते होडीत उभे राहिल्यासारखे डुलत होते. “ह्यात माजे दोनय पाय एका वेळाक मावतीत!”

फरफटत, खिदळत सगळे निघाले. बाईंच्या पायात कोणाचे तरी लाल बूट, फीत न बांधलेले.

शार्दूल तीन पावलं चालला.

मग थांबला.

तो हसत नव्हता. मागे वळून बघत होता. आधी भिंतीकडे, जिथे आमची रांग होती. मग फरशीकडे, जिथे चपलांची रांग होती.

बाई त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“उंचीची रांग बरोबर होती?”

“...हो.”

“चपलांची?”

“हो.”

“मग एका बाजूला उंची घेतली, दुसऱ्या बाजूला चपला. आलेख कसा येईल, शार्दूल?”

त्याचे ओठ हलले. ऐकू आलं नाही.

“कसा येईल?”

“सरळ.”

*

तो अनवाणीच आत धावला. खुर्ची इतक्या जोरात ओढली की मी दचकले.

दोन वर्षांपूर्वीचा, या कामासाठी लिहिलेला त्याचा पहिला प्रोग्राम. तिसरी ओळ.

कोणी विचारलं नव्हतं, तरी तो मोठ्याने वाचत होता. एका ओळीत एक झाड. त्याचा घेर, त्याचं दगडफूल. त्याला फक्त बघायचं होतं, सर्वांत लहान किती, सर्वांत मोठं किती. म्हणून घेराचा कॉलम लहानापासून मोठ्यापर्यंत लावला. मग दगडफुलाचा कॉलम लावला. वेगळा.

एकही आकडा हरवला नाही. घेर सगळे होते. दगडफुलं सगळी होती. फक्त कुठलं दगडफूल कुठल्या झाडाचं...

“आणि सेव्ह केलं,” तो म्हणाला. “त्याच नावानं. त्याच फाइलवर.”

सगळे आपापल्या चपला शोधून परत आले होते, पण दारातच थबकले.

“मेहरुन,” बाईंनी विचारलं, “एक्सेलमध्ये एकच कॉलम लावायला गेलीस तर काय होतं?”

मेहरुनने शार्दूलकडे पाहिलं. तिला उत्तर द्यायचं नव्हतं.

“सांग.”

“विचारतं ना ते... चौकट येते. बाजूचे कॉलमपण सोबत हलवू का, म्हणून.”

“माझ्या प्रोग्रामनं नाही विचारलं,” शार्दूल म्हणाला.

“त्याला वाटलं, तुला येतं,” बाई म्हणाल्या.

मेहरुन हळूच मागे सरली. एकेक करून बाकीचेही गेले. जाताना कोणी चपलांचा आवाज केला नाही.

मला जाता आलं नाही. मी त्याच्या शेजारच्याच संगणकावर होते, आणि उठले असते तर खुर्ची वाजली असती.

*

“तुझ्याकडे आहे!” तो एकदम माझ्याकडे वळला. “तुला पाठवली होती मी फाइल. आठवतंय? तुला आलेख काढायला शिकवत होतो तेव्हा.”

होती. पासवर्ड दोनदा चुकला. तो मागे उभा राहून बघत होता. फाइल सापडली. उघडली.

पहिली ओळ. सर्वांत लहान घेर, सर्वांत लहान दगडफूल.

दुसरी ओळ. त्याहून जरा मोठा घेर, जरा मोठं दगडफूल.

मी खाली खाली सरकवत राहिले. कुठेतरी मोडेल असं वाटत होतं. एखादं तरी मोठं झाड निघेल, ज्यावर दगडफूल चिमुकलं असेल. एखादं तरी.

चारशे बारा ओळी संपल्या.

“पेनड्राइव्ह?” बाईंनी विचारलं.

“त्यात हीच.”

“तुझ्या मार्गदर्शक सरांना पाठवलेली?”

“ती नंतरची.”

“वह्या असतील. झाडाजवळ उभा राहून लिहिल्या असशील ना?”

शार्दूल खुर्चीत बसला. आज पहिल्यांदाच बसला.

“होत्या. सात वह्या. सगळं टाइप करून झालं होतं. आईनं विचारलं, बंबात घालू का. मी म्हटलं, घाल.”

बाहेर बाबीमामा स्टूल सरकवत होते, तेवढाच आवाज.

“मग झाडं...” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला आठवलं.

झाडं घाटाखालच्या रस्त्याच्या कडेची होती. आंबे, फणस, चिंचा, ऐन. रस्ता चौपदरी झाला, गेल्या उन्हाळ्यात सगळी तोडली. शार्दूलच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर तसं लिहिलंच आहे. मी ते पान वाचलंय, शुद्धलेखन बघायला त्याने दिलं होतं. ‘ही झाडे आता अस्तित्वात नाहीत. त्यांची शेवटची नोंद या प्रबंधात आहे.’

मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं.

*

“प्रत्येक झाडाला मी हात लावलाय,” शार्दूल म्हणाला. “टेप गुंडाळताना मिठीच मारावी लागते. एका चिंचेवर मधमाश्या होत्या. एका फणसाखाली एक आजोबा बसायचे, म्हणायचे, काय रे, झाडाचा सदरा शिवतोस काय...”

तो हसायला लागला आणि मधेच थांबला.

“त्या फणसाचं दगडफूल केवढं होतं, मला आठवत नाही, बाई.”

त्याने बाईंकडे पाहिलं.

“तुम्हाला कधी कळलं?”

“आत्ता. तू कागद दिलास तेव्हा.”

“सरांना नाही कळलं. त्यांनी हा आलेख तीन परिषदांत दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

“छानच आहे आलेख.”

“बाई, चेष्टा नको.”

“चेष्टा नाही. मीही टाळी वाजवली असती. पण झाडं मोजलेली आहेत म्हणालास. मोजलेलं इतकं सरळ येत नाही.”

तो पुढे वाकला. आवाज उतरला.

“पण हे खरं असूही शकेल ना? मोठ्या झाडावर मोठं दगडफूल?”

“असेल.”

“मग?”

“मेहरुनचे पायही लहान असू शकले असते.”

पंखा फिरत होता. मधेच अडखळायचा, पुन्हा फिरायचा.

“एकोणीस वर्षं तुम्ही हेच सांगताय,” शार्दूल अचानक चिडून म्हणाला. “पहिल्या दिवशी. मूळ फाइलला हात लावू नका. आणि तरी दरवर्षी कोणीतरी लावतोच, हो की नाही? मुलं हसतात तुम्हाला. मीपण हसलो. मग शिकवता कशाला?”

बाईंशी असं कोणी बोलत नाही.

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. पुन्हा घातला नाही.

“मलाही तेच वाटतं,” त्या म्हणाल्या. “दर शुक्रवारी.”

*

“कोणाला कळणार नाही,” शार्दूल म्हणाला.

तो आमच्याशी बोलत नव्हता. पडद्याशी बोलत होता.

“नाही कळणार,” बाई म्हणाल्या.

“झाडं नाहीत. वह्या नाहीत. परत कोणी मोजूच शकत नाही.”

“नाही.”

“म्हणजे हे चूक आहे, असं कोणी दाखवूही शकत नाही.”

“नाही दाखवू शकत.”

“तुम्ही सांगाल कोणाला?”

“नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “तू?”

त्याने मला आलेख काढायला शिकवलं होतं. मी टेबलावरचा पालथा कागद बघत राहिले.

बाईंनी खण उघडला. दाखला काढला. त्याचं नाव त्यावर आधीच लिहिलेलं होतं. शार्दूल सदाशिव रेडकर. पेन शोधलं. पुन्हा चष्मा घातला.

आणि सही केली.

“बाई!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“काय गं?”

“पण... आलेख...”

“दाखल्यावर आलेखाचं काय लिहिलंय?” बाई म्हणाल्या. “शिकल्याचा दाखला आहे. आज शिकला तो.”

त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला.

आता त्याला कोणी अडवणारं नव्हतं. दाखला होता. प्रबंध बांधून तयार होता. सोमवार दोन दिवसांवर होता.

शार्दूलने दाखला हातात घेतला. खूप वेळ वाचला. त्यावर पाचच ओळी असतात.

मग तो खाली ठेवला, आणि मेल उघडली. मला दिसत होतं. मी मान वळवायला हवी होती, वळवली नाही.

‘आदरणीय सर.’

पुढे काही लिहिलं नाही. ते पुसलं. पुन्हा लिहिलं. एक मोठा परिच्छेद लिहिला, त्यात प्रोग्राम होता, कॉलम होते, वह्या होत्या, बंब होता. तो सगळा पुसला.

शेवटी एवढंच राहिलं. ‘सर, सोमवारी प्रबंध देत नाही. आलेख खोटा आहे. चूक माझी आहे. भेटून सांगतो.’

खोटा हा शब्द त्याने एकदा पुसून ‘चुकीचा’ केला. मग पुन्हा खोटा केला.

बोट बटणावर तसंच राहिलं.

मी मनात आकडे मोजत होते, कशासाठी कोण जाणे. सत्तावीसला त्याने बटण दाबलं.

काहीच झालं नाही. मेल गेली, एवढंच वर दिसलं, आणि तेही पुसलं गेलं. पंखा अडखळला, फिरला. मला वाटलं होतं, त्याला जरा हलकं वाटेल. निदान तो रडेल तरी. तो नुसता बसून होता. पडद्यावर चारशे बारा ओळी होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, एकही चुकीचा आकडा नसलेल्या.

*

साडेपाचला बाबीमामा किल्ल्या घेऊन आले.

बाईंनी पिशवी उचलली. मी संगणक बंद केले. आठ. नववा त्याच्यापुढे होता, तो मला बंद करवेना.

आम्ही बाहेर आलो. मी चपला घातल्या. बाईंनी त्यांच्या घातल्या, आधी डावी, मग उजवी, भिंतीला हात धरून. बाबीमामा कुलूप हातात घेऊन उभे राहिले.

“शार्दूल.”

तो आला नाही.

“चल रे, बाबा. मामांना गाडी गाठायची असते.”

आतला दिवा बंद झाला. मग तो दारात आला. हातात काही नव्हतं. दाखला आतच राहिला होता, टेबलावर. आम्हा तिघांनाही ते दिसलं.

“सहा वर्षं, बाई,” तो म्हणाला. “चारशे बारा झाडं. आता काय उरलं माझं?”

मला वाटलं, आता तरी बाई काही बोलतील. त्याच्या खांद्यावर हात ठेवतील. होईल सगळं ठीक, असं काहीतरी.

बाईंनी खाली पाहिलं. व्हरांडा रिकामा होता. उंबऱ्याशी चपलांचा एकच जोड होता.

शार्दूलने न बघताच पाय पुढे केला.

“थांब,” बाई म्हणाल्या. “एकच उरलाय म्हणून तुझाच असेल, असं नाही. घालून बघ आधी.”